चौक्याची शुद्धी आणि नवी वाफ

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गजवळ वसलेल्या जळकोटसारख्या गावांतील व्यापारी कुटुंबांची मुले आता शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस राहतात. सुट्टीत परतणाऱ्या एखाद्याच्या खिशात पेनासारखी दिसणारी ई-सिगारेट असते. स्वयंपाकघरात उभे राहून त्याने तिची वाफ सोडली, तर शेगडीवरील वरणात निकोटिन उतरते काय, असा प्रश्न गृहिणीस पडणे स्वाभाविक आहे.

ओढलेले बहुतांश निकोटिन ओढणाऱ्याच्याच शरीरात राहते. उरलेला अंश उच्छ्वासाबरोबर बाहेर पडून ओटा, भांडी व उघड्या अन्नावर बसू शकतो. मात्र त्याचे प्रमाण अत्यल्प असते. टोमॅटोतही निसर्गतः निकोटिनचा सूक्ष्म अंश असतो. तेव्हा अशा अन्नाने विषबाधा होईल, असे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल. सत्यव्रत मानणाऱ्या घरात मुलाला खोटी भीती घालणे शोभत नाही.

खरा धोका वाफेपेक्षा द्रवात आहे. यंत्रात भरावयाचा हा द्रव बहुधा गोड वासाचा असतो आणि त्यातील निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते. त्याची कुपी लहान मुलाच्या तोंडी गेल्यास प्राणावर बेतू शकते. द्रव अन्नावर सांडल्यास ते अन्न टाकून द्यावे व हात साबणाने धुवावेत.

व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. 2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परंतु दोष केवळ तरुणांच्या पदरी टाकून कसे चालेल? गादीवर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळणारे हात न धुताच ताटाकडे वळतात. मिश्री लावलेली बोटे तशीच कणकेत जातात. तेथे वाफ नसते, प्रत्यक्ष तंबाखूच अन्नास लागतो. अन्नसुरक्षेचे नियमही अन्न हाताळताना धूम्रपान करणे, चघळणे व थुंकणे निषिद्ध मानतात.

मुनींना आहारासाठी पडगाहन करताना मन, वचन, काया आणि आहार-जल शुद्ध असल्याचे श्रावक सांगतो. हेच वचन रोजच्या कौटुंबिक ताटासमोरही खरे ठरावे. त्यासाठी मुलाच्या खिशातील यंत्राची विचारपूस करण्यापूर्वी गादीवरील तंबाखूची डबी उचलली जावी. वडिलांनी आधी सोडले, तर मुलाला सांगण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.