सुपारी आणि साधना : ‘अंधाधुन’च्या निमित्ताने

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर त्याविषयी जी चर्चा झाली, ती बव्हंशी शेवटच्या दृश्याभोवतीच घोटाळत राहिली. पियानोवादक आकाशला दिसते की नाही? त्याने सोफीला सांगितलेली हकीकत खरी की रचलेली? प्रश्न चतुर आहेत. परंतु समीक्षेने तेवढ्यावर समाधान मानावे, हे तिच्या आळसाचे लक्षण होय. संहिता म्हणजे कोडे आणि समीक्षक म्हणजे ते सोडविणारा, ही समजूत निवेदनमीमांसेच्या नावाखाली पदव्युत्तर वर्गांतही रुजली आहे. या कोड्याआड झाकला जाणारा प्रश्न मात्र अगदी साधा आहे : या चित्रपटातील वादक पोट कशावर भरतो?

चित्रपटाला आधारभूत असलेल्या ऑलिव्हिए ट्रेनर यांच्या ‘लाकॉर्दर’ (२०१०) या फ्रेंच लघुपटात याचे उत्तर स्पष्ट आहे. स्पर्धेत अपयशी ठरलेला वादक पियानो सुरात लावण्याचे काम पत्करतो आणि आंधळेपणाचे सोंग घेतो. कारण आंधळ्या कारागिराकडे गिऱ्हाईक अधिक ओढले जाते. सोंग हे तेथे धंद्याचे भांडवल आहे. कथा पुण्यात येताना हे कारण बदलते. आकाश आंधळेपण पांघरतो ते मुख्यतः वादनातील एकाग्रतेसाठी. उपजीविकेच्या युक्तीची अशी साधना झाली. ६६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या पटकथेला सर्वोत्कृष्ट रूपांतराचा मान मिळाला, आणि तो अनाठायी नव्हता; परंतु रूपांतरात काय गळाले याची नोंद घेणे हे समीक्षेचेच काम आहे.

जळगाव-धुळ्याकडील वाचकाला हे गळणे अधिक खटकावे. लग्नातला बँड असो की जत्रेतला तमाशाचा फड, कार्यक्रम ठरविण्याला तेथे ‘सुपारी’ म्हणतात, आणि फडातील कलावंत हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम घेतो तिला ‘उचल’. दसऱ्याला उभा राहिलेला फड आखाजीच्या सुमारास उतरू लागतो. उचल फिटली नसेल तर कलावंत पुढच्या हंगामालाही बांधलेला असतो. माणूस मारण्याच्या कंत्राटालाही मराठी भाषा ‘सुपारी’च म्हणते. हा निव्वळ श्लेष नव्हे. दोन्ही व्यवहारांत एक अट न बोलता मान्य केलेली असते : काम करावे, दिसले ते दिसले नाही असे समजावे. वरातीपुढे वाजविणाऱ्याला देण्याघेण्याची कुरबूर आणि मानपानाची भांडणे सारे दिसते. पण त्याच्या पाहण्याला कोणी हिशेबात धरत नाही.

‘अंधाधुन’मधील सर्वांत प्रभावी प्रसंग नेमका याच अटीवर उभा आहे. प्रमोद सिन्हाने लग्नाच्या वाढदिवसाची सुपारी दिलेली असते. आकाश पोहोचतो तेव्हा सुपारी देणाराच मरून पडलेला आहे. सिमी आणि मनोहर प्रेत बॅगेत भरतात, आणि आकाश वाजवीत राहतो. थांबला तर त्याने पाहिले, हे सिद्ध होईल. भाडोत्री वादकाचे आंधळेपण येथे रूपक राहत नाही. ती नोकरीची अट बनते. दिग्दर्शकाला हे उमगले होते, पण ते पुढे नेण्याचे धैर्य त्याने दाखविले नाही.

कारण यानंतर पैशाची गरज वादकाकडून काढून इतरांच्या गळ्यात बांधली जाते. रिक्षा चालविणारा मुरली आणि लॉटरी विकणारी सखू ही दोघे डॉक्टर स्वामीसह ब्लॅकमेलच्या कटात शिरतात. कट सुचतो तो आकाशच्या माहितीवरून. हाव मात्र मुरली-सखूची ठरते. मुरली गोळीला बळी पडतो, हाती आलेल्या नोटा खोट्या निघतात, आणि आकाश क्राकोव्हमध्ये वाजविताना दिसतो. पियानोवाल्याच्या गरजेला कला म्हणायचे आणि रिक्षावाल्याच्या गरजेला गुन्हा, अशी ही वाटणी आहे.

यावर असे म्हटले जाईल की, न्वार या प्रकारात कोणीच निर्दोष नसतो. नैतिक काळोख हाच त्याचा आशय. हा युक्तिवाद अपुरा आहे. १९४६ मध्ये नीनो फ्रँक याने काही अमेरिकी चित्रपटांना ‘न्वार’ म्हटले, तेव्हापासून ही संज्ञा काळोखाची द्योतक झाली हे खरे. परंतु काळोख सर्वांवर सारखा पडत नाही. कोण त्यातून परदेशी निसटतो आणि कोण त्यातच मरतो, हे विचारल्यावाचून ‘नैतिक संदिग्धता’ हा शब्द वापरणे म्हणजे प्रस्थापित विषमतेला सौंदर्यमूल्य बहाल करणे होय.

आणि म्हणूनच शेवटचे कोडेही चुकीच्या जागी घातले गेले आहे. आकाश सिमीविषयी खोटे बोलतो काय, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. तो मुरली आणि सखूविषयी खोटे बोलतो काय, हे विचारण्याची गरज कोणाला भासलेली दिसत नाही. सारी हकीकत अखेर आकाशच्या तोंडची आहे. त्यातील रिक्षावाल्याला आपली बाजू सांगण्याची सोय नाही. निवेदकावर अविश्वास दाखविण्याची विद्या अवगत केलेल्या समीक्षेने तो अविश्वास वरच्या मजल्यापुरताच राखून ठेवावा, याला सिद्धान्त म्हणत नाहीत. यालाही सुपारीच म्हणतात.