दात काढला, विषय संपला?

"रूट कॅनाल आणि वर कॅप, एवढे पैसे कशाला घालवतोस? काढून टाक ना दाढ! पंधरा दिवसांत भरून येतं." ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर हा सल्ला फुकट मिळतो. दुःख याचं की कित्येक दवाखान्यांतही साधारण हेच ऐकायला मिळतं.

मंडळी, भरून येते ती हिरडी. खालच्या हाडाचं काय होतं ते बघा.

दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. त्याच्या आतल्या थराला बंडल बोन म्हणतात. दाताला धरून ठेवणारे तंतू याच थरात रुतलेले असतात. दात गेला, तंतू गेले, की शरीर हा थर विरघळवून टाकतं. आपल्या भाषेत, मॉड्यूल डिलीट केलं की फक्त त्याच्यासाठी ठेवलेली लायब्ररीही उडते. ओठा-गालाकडची भिंत मुळातच पातळ, त्यामुळे तीच जास्त ढासळते. अराउजो आणि लिंडे यांनी २००५ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे आठ आठवड्यांत घडताना दाखवलं.

खड्डा भरतो, हे खोटं नाही. आधी रक्ताची गुठळी, मग कोवळी ऊती, आणि दीड-दोन महिन्यांत कच्चं हाड. पण भांडं भरत असताना भांड्याचे काठच झिजत असतात! डेन्मार्कमधल्या लार्स श्रॉप आणि सहकाऱ्यांनी ४६ जणांची दाढ-उपदाढ काढल्यावर वर्षभर मोजमाप केलं (२००३). सरासरी १२ मिमी रुंदीचा कणा जेमतेम ६ मिमी उरला, आणि त्यातली दोन-तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली.

म्हणजे निर्णयाची वेळ दात काढण्याच्या आधीची. आणि आपल्याला सांगतात काय? "आता काढू, पुढचं नंतर बघू." दोन वर्षांनी इम्प्लांटसाठी गेलात की स्कॅन बघून डॉक्टर म्हणतात, हाड कमी आहे, ग्राफ्ट लागेल. वरची दाढ असेल तर सायनसही खाली उतरलेला असू शकतो. खर्च वाढला, महिने वाढले. ब्रिज बसवलात तर दिसायला छान, पण त्याच्या खालचं हाड झिजायचं थांबत नाही.

यावर डॉक्टर मंडळींचं उत्तर ठरलेलं, "एवढं सांगत बसलो तर पेशंट घाबरतो." अहो, घाबरू द्या की! जबडा त्याचा, पैसे त्याचे. दातांचा खर्च बहुतेक मेडिक्लेममध्ये बसत नाही, मग खिशातून देणाऱ्याला हिशोब आधी कळायला नको?

पण दुसऱ्या टोकाची दुकानदारीही नको. "त्याच दिवशी इम्प्लांट, हाड वाचवा" ही जाहिरात अर्धसत्य आहे. लगेच इम्प्लांट बसवला म्हणून बाहेरची भिंत झिजायची थांबत नाही. खड्ड्यात हाडाची पूड भरली तर झीज कमी होते, पूर्ण टळत नाही. अक्कलदाढ काढली तर तिथे पुन्हा दात बसवायचाच नसतो, त्यामुळे सहसा यातलं काहीच लागत नाही. आणि काही दात काढावेच लागतात, त्याबद्दल वादच नाही.

माझी मागणी एवढीच आहे. चिमटा उचलण्याआधी पाच मिनिटं बोला. हा दात वाचू शकतो का? काढला तर त्या जागी पुढे काय बसवणार, आणि कधी? खड्डा आत्ता भरायचा का, न भरल्यास नंतर काय भोगायचं? सगळं ऐकून एखादा म्हणाला, "राहू दे रिकामं," तर तो त्याचा हक्क आहे.

डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. मात्र इंजेक्शन द्यायच्या आधी, कारण एकदा तोंड बधिर झालं की प्रश्न विचारणं अवघड असतं राव!