शहापूरची संत्री

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवसाय आराखड्यात पान ११ वर एक वाक्य आहे : ‘परिसरातील दर्जेदार संत्रा उत्पादन हे कंपनीचे प्रमुख बलस्थान आहे.’

शहापूर-मुरबाडमध्ये भात पिकतो. नाचणी-वरई होते. पाणी असेल तिथे भेंडी होते आणि ती परदेशी जाते. संत्री मात्र आम्ही बाजारातून विकत आणतो. विदर्भातल्या कुठल्या तरी कंपनीचा आराखडा उचलून त्यावर आमचं नाव टाकलं गेलं होतं. तो सल्लागाराने दिला, संचालक मंडळाने मंजूर केला, कर्ज देणाऱ्यांनी तपासला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्यात माझीही आहे. मी मंडळावर होतो आणि पान ११ वाचलं नव्हतं.

हा किस्सा सांगितला की लोक हसतात. पण माझं भांडण संत्र्यांशी नाही. संत्री खोडून ‘भात’ लिहिलं असतं, तरी तो तक्ता तेवढाच निरुपयोगी राहिला असता.

तक्त्याचं नाव ‘स्वॉट’. चार रकाने : बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. पहिले दोन कंपनीच्या आतले, पुढचे दोन बाहेरच्या जगाचे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि हार्वर्डमध्ये मोठ्या कंपन्यांच्या नियोजनाचा जो अभ्यास चालला होता, त्यातून ही पद्धत पुढे आली. १९९७मध्ये टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी वीस ब्रिटिश कंपन्यांत तिचं काय होतं ते तपासलं. लांबलचक याद्या, मोघम शब्द, कशाला किती महत्त्व त्याचा पत्ता नाही. आणि मुख्य म्हणजे पुढचे निर्णय घेताना त्या याद्या कुणी वापरल्याच नव्हत्या. सदोष माल कारखान्याने बाजारातून परत मागवावा, तशी ही पद्धत परत मागवायची वेळ आली आहे, असं त्यांनी लेखाच्या शीर्षकातच म्हटलं. तो परत मागवलेला माल आमच्याकडे आजही नवाकोरा म्हणून वाटला जातो.

आमच्या तक्त्यात संधीच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘मुंबईची जवळीक.’ वाचायला बरं वाटतं. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हणजे भेंडी विकायची असेल तर मुंबई जवळ असणं ही संधी, आणि भेंडी पिकवायची असेल तर तोच धोका. आधी प्रश्न ठरवा, मग रकाना ठरेल. ‘आपण उन्हाळी भाजी करायची का?’ हा प्रश्न न विचारता लिहिलेली ‘मुंबईची जवळीक’ हे फक्त भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य आहे.

उणिवांच्या रकान्यात तर चीड येईल असं वाक्य होतं : ‘सभासदांमध्ये निष्ठेचा अभाव; माल व्यापाऱ्यास विकतात.’ का विकतात? व्यापारी आवणीच्या वेळी उचल देतो, कापणीनंतर खळ्यावर येतो आणि तिथेच रोख मोजतो. आमची कंपनी माल घेऊन पैशासाठी दीड महिना थांबायला सांगत होती. उणीव सभासदाच्या मनात नव्हती, कंपनीच्या तिजोरीत होती. खेळतं भांडवल नव्हतं. पण लेखणी हातात असलेला माणूस स्वतःला कधी उणिवांच्या रकान्यात बसवत नाही.

याचा परिणाम कागदावर थांबला नाही. त्याच आराखड्याच्या भरवशावर आम्ही कर्ज काढून भातगिरणी घेतली. भात खळ्यावरूनच निघून गेला आणि गिरणी बंद राहिली. सभासदांनी प्रत्येकी हजार रुपयांचा शेअर घेतला होता. मजुरीवर जगणाऱ्या घरात हजार रुपये म्हणजे काय, हे मी सांगायला नको. केंद्राच्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. तीन वर्षं संपली की व्यवस्थापकाचा पगार कंपनीनेच कमवायचा असतो. तेव्हा पान ११ कामाला येत नाही.

असं मूल्यमापन आपल्या लोकांना जमतच नाही का? शहापूरमध्येच जमलं आहे. इथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, सुकवून विकायला सुरुवात केली. ट्रायफेड आणि वनधन योजनेची साथ मिळाली. कोविडच्या काळात डाबर, हिमालया, वैद्यनाथ अशा कंपन्यांकडून मिळून साडेतीनशे टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. म्हणजे किलोमागे साधारण पंचेचाळीस रुपये. आत काय आहे, तर वेल ओळखणारी माणसं. बाहेर काय बदललंय, तर काढ्याची मागणी. या दोन गोष्टी जुळल्या.

पण हेही मूल्यमापन एकदा करून फाइलला लावता येत नाही. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला. वाद कुणीही जिंको, भीतीपोटी वाढलेली मागणी भीतीबरोबर ओसरू शकते. शिवाय वेल मुळासकट ओरबाडली, तर पुढच्या वर्षी माल कुठला? बाहेरचं जग दर हंगामाला बदलतं. तक्ताही दर हंगामाला बदलायला हवा.

कुणी म्हणेल, निदान चार रकाने तरी आहेत, नसण्यापेक्षा बरे. मला तसं वाटत नाही. तक्ताच नसता, तर आम्ही निदान घाबरून चार लोकांना विचारलं असतं. तक्त्यामुळे आम्हाला वाटलं, विचार झालेला आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हा तक्ता सल्लागाराच्या लॅपटॉपवर न होता कापणीनंतर पाड्यावर बसून व्हावा, आणि माल विकणारी बाई तिथे असावी. सुरुवात बाहेरून करावी : कोण घेतो, काय भावाने, पैसे कधी देतो. प्रत्येक वाक्यापुढे पुरावा असावा. आणि जे वाक्य खोडल्यावर एकही निर्णय बदलत नाही, ते खोडून टाकावं. आमची दोन पानं या चाळणीतून काढली तेव्हा चार ओळी उरल्या. त्यातली पहिली : ‘खरेदीच्या दिवशी रोख पैसे नाहीत.’ ही ओळ गिरणीच्या आधी लिहिली असती, तर कर्ज गिरणीसाठी काढलं नसतं.

तुमच्या घरातही कुणी तरी अशा कंपनीचं सभासद असेल. आराखड्याची पीडीएफ मागून घ्या. ती फोनवर उघडते. वार्षिक सभेआधी वाचा, आणि संत्री कुठे आहेत ते सभेत विचारा.