आकडा त्यांचा, श्रम आपले : 'न्यूरोइमेज'च्या राजीनाम्यांनी विचारलेला प्रश्न

१७ एप्रिल २०२३ रोजी मेंदूविज्ञानाच्या जगात एक घटना घडली. मराठी वर्तमानपत्रांत तिची फारशी दखल घेतली गेली नाही. 'न्यूरोइमेज' हे मेंदूच्या चित्रणावरचे जगातले एक अग्रगण्य जर्नल. त्याच्या आणि त्याच्या जोड-जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकाच वेळी राजीनामे दिले. ऑक्सफर्डचे स्टीफन स्मिथ हे मुख्य संपादकही त्यात होते. कारण काय? जर्नलची मालक असलेली एल्सेव्हिअर ही कंपनी एक शोधनिबंध छापण्यासाठी लेखकाकडून ३४५० डॉलर घेत होती. ही फी दोन हजार डॉलरच्या खाली आणा, अशी संपादकांची मागणी होती. कंपनीने ती नाकारली. संपादकांनी खुर्च्या सोडल्या आणि 'इमेजिंग न्यूरोसायन्स' नावाचे नवे जर्नल एमआयटी प्रेस या ना-नफा प्रकाशकाकडे सुरू केले. तिथली फी ठरली १६०० डॉलर, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आता कुणी म्हणेल, ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांचे आणि एका परदेशी कंपनीचे भांडण, त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. ज्या आकड्याच्या जोरावर ती कंपनी ३४५० डॉलर मागत होती, त्याच आकड्यावर इथल्या आपल्या मुलांच्या नोकऱ्या आणि बढत्या तोलल्या जातात. त्या आकड्याचे नाव इम्पॅक्ट फॅक्टर. म्हणून हा आकडा नेमका काय मोजतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

त्याचे गणित शाळेतल्या सरासरीचे आहे. समजा २०२२ चा आकडा काढायचा आहे. जर्नलने २०२० आणि २०२१ मध्ये जे निबंध छापले, त्यांचा २०२२ मध्ये इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायचे. बस. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, ती वाचकाला एका निबंधावरून दुसऱ्या निबंधापर्यंत पोहोचता यावे म्हणून. ग्रंथालयाच्या कामाचे साधन होते ते. पुढे त्याचा तराजू झाला, आणि त्यात जर्नलांऐवजी माणसे तोलली जाऊ लागली.

'न्यूरोइमेज'चा हा आकडा २०२१ साठी ७.४ होता, २०२२ साठी ५.७ आणि २०२३ साठी ४.७. राजीनाम्यांमुळे तो पडला असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २०२३ चा आकडा २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या निबंधांवर काढलेला आहे, म्हणजे राजीनाम्यांच्या आधीच्या. ज्यांनी जर्नल चालवले ते निघून गेले, पण त्यांच्या श्रमाचा आकडा मालकाच्या दारावरच्या पाटीवर तसाच राहिला. या व्यवस्थेचे मर्म इथेच आहे.

बरे, हा आकडा त्या जर्नलमधले खरे महत्त्वाचे काम तरी मोजतो का? त्यासाठी या क्षेत्राची वाटचाल थोडक्यात पाहू. 'न्यूरोइमेज' १९९२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी एफएमआरआयने माणसाच्या मेंदूची हालचाल टिपणारे पहिले निबंध आले. काम करणाऱ्या मेंदूच्या भागात रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण बदलते आणि तो बदल चुंबकीय यंत्रात दिसतो, हे त्यामागचे तत्त्व. सुरुवातीची वर्षे 'कोणते काम मेंदूच्या कोणत्या भागात' हे शोधण्यात गेली. मग ओढा मेंदूच्या रचनेच्या मापनाकडे वळला. पुढे भागाभागांतल्या जोडण्यांकडे, जाळ्यांकडे. आणि मग हजारो लोकांच्या चित्रांच्या मोठ्या साठ्यांकडे. या प्रत्येक टप्प्यावर सर्वांत जास्त उद्धृत झाले ते साधने देणारे निबंध : नकाशे, आज्ञावली, पद्धती. रोग बरा करणारा शोध नव्हे, तर सगळ्यांना वापरावे लागते ते अवजार.

उदाहरण घ्या. २००२ मध्ये 'न्यूरोइमेज'मध्ये मेंदूच्या भागांना नावे देणारा एक नकाशा छापला गेला. संशोधक त्याला 'एएएल' म्हणतात. जगभरच्या हजारो निबंधांनी त्याचा संदर्भ दिला आणि अजूनही देतात. पण २०२२ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना त्यातला एकही संदर्भ धरला जात नाही, कारण तो निबंध दोन वर्षांच्या खिडकीबाहेर आहे. म्हणजे वीस वर्षे टिकलेले काम बाद, आणि दोन वर्षांत गाजले ते काम जमेत! शिवाय सरासरीची आणखी एक गंमत आहे. कोणत्याही जर्नलमध्ये थोड्या निबंधांना भरमसाठ संदर्भ मिळतात आणि बाकीच्यांना जेमतेम. गावात एक बागायतदार असला म्हणून गावाची सरासरी वाढते, त्याने शेतमजुराच्या घरातले धान्य वाढत नाही. जर्नलचा आकडा तुमच्या निबंधाविषयी काहीच सांगत नाही.

आणि उद्धरण म्हणजे सत्य नव्हे, हे तर या क्षेत्राने स्वतःच दाखवले. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एफएमआरआय यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि नेहमीचे गणित नीट दुरुस्ती न करता लावले. मेलेल्या माशाचा मेंदू 'काम करताना' दिसला! पुढे २०१६ मध्ये स्वीडनच्या अँडर्स एकलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त गंभीर तपासणी केली. निरोगी, स्वस्थ पडून असलेल्या ४९९ लोकांची चित्रे घेऊन त्यांनी सर्वांत प्रचलित तीन आज्ञावली तपासल्या. खोटा निष्कर्ष निघण्याचे प्रमाण पाच टक्के असायला हवे होते. काही पद्धतींमध्ये ते सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. याच आज्ञावलींना हजारो उद्धरणे होती. सगळे वापरत होते म्हणून सगळे उद्धृत करत होते. परंपरेने चालत आले म्हणून ते खरे, असे मानण्याची सवय फक्त पोथ्यांच्या जगातच असते असे नाही. प्रयोगशाळेतही ती शिरते. फरक इतकाच की विज्ञानात तिला आव्हान देता येते, आणि ते आव्हान देणारे काम हेच खरे विज्ञान.

आता आणखी एक प्रश्न विचारू. हे मेंदू कुणाचे? त्या एएएल नकाशासाठी वापरलेला मेंदू एकाच माणसाचा होता, मॉन्ट्रियलमध्ये २७ वेळा चित्रित केलेला. त्यानंतर सर्रास वापरला गेलेला प्रमाण-साचा मॉन्ट्रियलच्याच १५२ तरुणांच्या मेंदूंची सरासरी आहे. जगभरच्या मेंदूंची मापे या साच्यावर बसवली जातात. मेंदूतील विजेच्या लहरी मोजणाऱ्या ईईजीचे इलेक्ट्रोड सरळ, मऊ केसांसाठी घडवलेले होते. दाट कुरळ्या केसांच्या आफ्रिकन वंशाच्या माणसांवर ते नीट बसत नाहीत, म्हणून त्यांची नोंद वगळली जाते. यावर उपाय शोधला तो अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अर्नेल एटिएन या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने. वेण्यांच्या मधून बसणारे इलेक्ट्रोड तिने सुचवले. ज्याच्या डोक्यावर यंत्र बसत नाही, त्यालाच यंत्रातली चूक आधी दिसते.

आपल्याकडेही हा प्रश्न काहींनी हाती घेतला. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी शंभर भारतीयांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला आणि २०१९ मध्ये तो 'न्यूरोलॉजी इंडिया' या आपल्याकडच्या जर्नलमध्ये छापला. भारतीय रुग्णाच्या मेंदूत झीज आहे की नाही हे ठरवायचे तर अशा नकाशाचे महत्त्व डॉक्टरला सांगावे लागत नाही. पण 'न्यूरोलॉजी इंडिया'चा इम्पॅक्ट फॅक्टर 'न्यूरोइमेज'च्या खूप खाली आहे. म्हणजे आकड्याच्या हिशेबात ते काम कमी दर्जाचे ठरले!

इथे आपण आपल्या दाराशी येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला शिक्षकांच्या संशोधन-गुणांचा तक्ता पाहा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलमधल्या निबंधाला ५ वाढीव गुण. आकडा एकच्या खाली असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, दोन ते पाच असेल तर २०, पाच ते दहा असेल तर २५ आणि दहाच्या वर ३०. आता हा तक्ता वरच्या घटनेला लावा. 'न्यूरोइमेज'चा आकडा ५.७ होता तेव्हा त्यातल्या निबंधाला २५ गुण. तो ४.७ झाला की त्याच दर्जाच्या निबंधाला २०. निबंधात एक अक्षर बदललेले नाही, प्रयोग बदललेला नाही, गुण मात्र गेले. आणि संपादकांनी नफेखोरीविरुद्ध उभ्या केलेल्या नव्या जर्नलचे काय? नव्या जर्नलला पहिली काही वर्षे इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही. म्हणजे ५ गुण. तेच संपादक, तेच समीक्षक, तीच कसोटी, फी निम्म्याहून कमी, आणि गुण पंचविसाचे पाच! अन्यायाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जर्नलला निबंध देणाऱ्या इथल्या शिक्षकाला आपलाच नियम दंड करतो. मालकाला कुंपण घालायची गरज उरत नाही. कुंपण आपणच घालून देतो.

फीचा हिशेबही मांडून पाहू. ३४५० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या वर. २०२३ मध्ये वाढवलेली जेआरएफ महिना ३७ हजार. एका निबंधाच्या छपाईत साडेसात महिन्यांची फेलोशिप जाते. आणि ज्याला फेलोशिपच नाही त्याने काय करायचे? त्याच २०२३ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात बार्टीचे संशोधक विद्यार्थी फेलोशिप मिळावी म्हणून धरणे धरून बसले होते. एकीकडे फीच्या अन्यायावर खुर्ची सोडणारे ऑक्सफर्डचे प्राध्यापक, दुसरीकडे हक्काच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर बसलेले आपले विद्यार्थी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : ज्ञाननिर्मितीच्या दारावर पैशाची चौकी कुणी बसवली?

कंपनीचे उत्तरही पाहू, कारण प्रतिपक्षाची बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. त्यांचे म्हणणे असे की आम्ही फी दर्जाच्या प्रमाणात ठरवतो आणि 'न्यूरोइमेज'ची फी त्याच तोडीच्या जवळच्या जर्नलपेक्षा कमीच आहे. पण हा दर्जा निर्माण कुणी केला? निबंध संशोधक लिहितात. त्यांचे पगार आणि यंत्रे बहुतांशी सार्वजनिक पैशातून. समीक्षण संशोधक करतात, फुकट. उद्धरणेही संशोधकच देतात. त्या सगळ्यातून दर्जा तयार होतो आणि मग तोच दर्जा दाखवून त्याच संशोधकांकडून जास्त फी! कंपनीच्या मूळ उद्योगसमूहाच्या विज्ञान प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के आहे. ज्याचे श्रम त्याच्याकडूनच वसुली, या व्यवहाराला मराठीत नाव शोधायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते भोगलेले आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो आपल्याच माणसांकडून येतो, म्हणून तो टाळता येणार नाही. आपला एखादा तरुण म्हणतो : "सर, आकडा वाईट असेल, पण आकडा आडनाव विचारत नाही. मुलाखतीच्या खोलीत बसलेली माणसे विचारतात. गुणांचा तक्ता गेला तर मला पाच मिनिटांत 'योग्य उमेदवार नाही' म्हणून बाहेर काढतील." हे म्हणणे खोटे नाही. मुलाखतीत मारलेले गुण आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. म्हणून 'आकडे काढून टाका, तज्ज्ञांवर सोडा' ही मागणी मी करणार नाही. ज्यांच्या हाती तज्ज्ञपणाची मक्तेदारी आहे, त्यांच्या हाती आपला गळा देण्यासारखे ते होईल.

पण हेही पाहा की आकडा आडनाव विचारत नसला तरी पत्ता विचारतो. तुमच्याकडे एमआरआय यंत्र आहे का? फी भरणारे मार्गदर्शक आहेत का? इंग्रजी सफाईदार करून देणारे कुणी आहे का? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडे पिढ्यांपासून 'होय' आहेत, त्यांच्या खात्यात आकडा आपोआप जमा होतो. शर्यत सगळ्यांना खुली, फक्त बूट ज्याचे त्याने आणायचे, असा हा न्याय आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. एक, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला गुण देणे बंद करा. माणसाच्या कामाला गुण द्या. सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, ज्याला 'डोरा' म्हणतात, २०१२ पासून हेच सांगतो आहे. दोन, उमेदवाराने आपले मोजके निबंध निवडून द्यावेत, निवड समितीने ते वाचावेत आणि प्रत्येक निर्णयाची लेखी कारणे उमेदवाराला द्यावीत. लेखी कारण दिले की त्याला आव्हान देता येते. तीन, समितीत आरक्षित प्रवर्गाचा प्रतिनिधी केवळ सहीपुरता नको, गुण देणारा हवा. चार, संशोधकाच्या खिशातून छपाईची फी जाता कामा नये, आणि सरकारी पैशातून झालेले संशोधन वाचकाला मोफत मिळालेच पाहिजे.

बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा निबंध मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचला आणि मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या जर्नलमध्ये छापला गेला. वय वर्षे सव्वीस. त्याला दोन वर्षांची खिडकी लावून कुणी १९१९ मध्ये हिशेब केला असता तर हाती काय लागले असते? आज शंभर वर्षांनंतरही जातीवर लिहिणाऱ्याला तो निबंध ओलांडून पुढे जाता येत नाही.

'न्यूरोइमेज' आजही निघते. कंपनीने नवे संपादक नेमले. ज्यांनी राजीनामे दिले त्यांनी कंपनी बुडवली नाही. त्यांनी एवढेच दाखवून दिले की जर्नल म्हणजे मालकाची पाटी नव्हे, जर्नल म्हणजे त्यात काम करणारी माणसे. ही गोष्ट ऑक्सफर्डला कळायला तीस वर्षे लागली. ज्यांनी विहिरी खोदल्या आणि पाण्याला मात्र हात लावू शकले नाहीत, त्यांच्या नातवंडांना ती कळायला इतका वेळ लागू नये.