दोष कातडीत नाही, मापात आहे

लेझरने केस काढताना सावळ्या मुलीचा चेहरा भाजला की उत्तर तयार असते, "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे." हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

लेझरचा प्रकाश केसातले मेलॅनिन हेरतो. तेच मेलॅनिन सावळ्या कातडीतही भरपूर असते. त्यामुळे केसाच्या मुळासाठी असलेली उष्णता वरची कातडीच शोषून घेते आणि भाजल्याचे डाग मागे राहतात. ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरमध्ये हा धोका जास्त. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग खोल जातो, मेलॅनिन त्याला कमी शोषते, म्हणून गडद कातडीसाठी तो तुलनेने सुरक्षित. विज्ञानाला हे ठाऊक आहे. मग दोष कातडीचा कसा?

कातडीचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी १९७५ मध्ये मुळात गोऱ्यांसाठी बनली. तपकिरी आणि काळी कातडी तिच्यात नंतर जोडली गेली. गोरेपणाला प्रमाण मानले की बाकी सगळे अपवाद ठरतात. सर्वांना एकच सेटिंग लावणे ही समता नव्हे, ती बेफिकिरी आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: मशीन कोणते? तरंगलांबी किती? त्वचारोगतज्ज्ञ हजर असतात का? आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का? ऊन लागून रापलेल्या कातडीवर लेझर घेऊ नका. आणि "गोरे करून देतो" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. सावळा रंग हा आजार नाही. त्याला उपचार लागत नाही.