ठोकळा फिरविण्यास बंदी

परीक्षेतील लबाडी रोखण्यासाठी कोण कोणत्या थराला जाईल, याचा नेम नसतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने मे २०२० मध्ये आपल्या रंगीत पडद्याच्या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरांसाठी नवी कार्यप्रणाली आणली आणि तीत असेंब्ली व सी या भाषांतील प्रोग्रॅम चालविण्याची सोयच काढून टाकली. परीक्षेपुरती यंत्रावर घातलेली बंधने अशा प्रोग्रॅमनी चुकविता येतात, हे त्यामागचे कारण. कारण खोटे नव्हते. उपाय मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा होता.

हा संन्यासी म्हणजे गणिताच्या तासाला मिळालेल्या यंत्रावर स्वतःचे प्रोग्रॅम लिहिणारा शाळकरी मुलगा. १९९०च्या दशकापासून अमेरिकेत आणि युरोपात अशा मुलांची एक परंपराच निर्माण झाली. त्यांच्या हौसेचा मानबिंदू म्हणजे पडद्यावर फिरणारा त्रिमितीय ठोकळा. १९९९च्या टीआय-८३ प्लसचेच उदाहरण घ्यावे. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, झेड-८० प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे ६० लाख, आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला स्मृती जेमतेम २४ किलोबाइट. ठोकळ्याचे कोपरे ८, कडा १२. एका अक्षाभोवती तो किंचित फिरवायचा, तर प्रत्येक कोपऱ्यामागे साइन-कोसाइनचे ४ गुणाकार, म्हणजे एकूण ३२. त्यानंतर डोळ्यापासूनच्या अंतराने भागाकार. कारण दूरची कड आखूड दिसली, तरच त्या सपाट रेघांना खोली येते. आणि झेड-८०ला गुणाकाराची आज्ञाच नाही! अंक सरकविणे आणि मिळविणे एवढ्याच भांडवलावर तो गुणाकार मुलाने स्वतः रचायचा. अपूर्णांकांची २५६ पट करून पूर्णांकांवर काम भागवायचे. साइनचे, म्हणजे आपल्या जुन्या गणितातील ‘ज्या’चे, कोष्टक आधीच करून ठेवायचे, तेही फक्त ९० अंशांपर्यंत, पुढे तेच आकडे उलट क्रमाने किंवा ऋण होऊन येतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये चोवीस ज्यांचे कोष्टक दिले होते. पंधरा वर्षांचे पोर नकळत त्याच वाटेने जाते, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

फळ्यावरचे सूत्र चुकले तर एक गुण जातो आणि विषय संपतो. येथे एका चिन्हाची चूक झाली, की ठोकळा फिरण्याऐवजी चुरगळतो, आणि चूक सापडेपर्यंत मुलाला झोप येत नाही. त्रिकोणमिती कशाशी खातात हे कोणत्याही क्रमिक पुस्तकाने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलेले नाही.

कंपनीने पुढे पायथॉन भाषा चालविणारी यंत्रे बाजारात आणली, हा युक्तिवाद कोणी करील. पायथॉन शिकण्यास सोपी आणि उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. परंतु यंत्र आणि मुलगा यांच्यामध्ये ती दुभाष्यासारखी बसते. प्रत्येक ओळीचा अर्थ लावीत चालल्याने हलत्या चित्राला लागणारा वेग तिच्याकडून मिळत नाही, आणि गुणाकार आतून कसा होतो हे तर ती झाकूनच ठेवते. खरी गोष्ट अशी, की परीक्षामंडळांची मान्यता हाच या कॅल्क्युलेटरांच्या बाजारपेठेचा कणा आहे. त्या मान्यतेला धक्का लागण्याची शंका येताच कंपनीने मुलांच्या हौसेवर पाणी सोडले.

उपाय करावयाचा तो परीक्षागृहात करता आला असता. परीक्षेच्या तीन तासांसाठी शाळेने आपल्या कपाटातील यंत्रे वाटावीत, संध्याकाळी परत घ्यावीत. त्याऐवजी वर्षाच्या उरलेल्या दिवसांनाही कुलूप लावण्यात आले. त्या कुलपाची किल्ली हौशी मंडळींनी त्याच वर्षी शोधून काढली. ज्याला लबाडीच करायची, त्याला ती मिळण्यास अडचण नव्हती. शिक्षकांनी सांगितले म्हणून निमूटपणे नवी प्रणाली भरून घेणाऱ्या मुलाचा ठोकळा तेवढा थांबला.