पहिलीला कुणीही चालत नाही

वर्गवाटप सुरू झालं की शाळाशाळांतून एक वाक्य ऐकू येतं: पहिलीला काय, कुणीही चालतं. अनुभवी माणूस पाचवीला द्यावा. नवखा, किंवा ज्याला बाहेरच्या कामांसाठी सारखं जावं लागतं असा माणूस पहिलीला द्यावा. या समजुतीच्या जोडीला आणखी एक समजूत असते. दिवाळीपासून २६ जानेवारीपर्यंत खालच्या वर्गांत शिकणं असं होतच नाही. थंडी, सुट्ट्या, खेळ, कवायत, आणि मग फेब्रुवारीत अभ्यास. भिलाई-३ मध्ये सरकारी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मी सांगते, दोन्ही समजुती चूक आहेत. आणि त्या एकत्र आल्या की मुलाचं जे जातं, ते पुढे कुठल्याही वर्गात सहजी परत मिळत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणार नाही. पहिलीत अक्षरं आणि आकडे, ते शिकल्यासवरल्या कुणालाही येतात. पाचवीला मात्र परीक्षा असते. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची वाट राज्यांना मोकळी झाली. जिथे निकाल मोजला जातो तिथे चांगला माणूस हवा, हे म्हणणं स्वाभाविक आहे. शिवाय हाच कायदा साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतो आणि वर्ग असतात पाच. तिथे निवडीला वाव तो किती?

आकडे येणं वेगळं आणि ते शिकवता येणं वेगळं. ‘इकसठ’ लिहायला सांगितलं की पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं १६ लिहितात. नवखा शिक्षक लाल फुली मारतो. पण मूल चुकलेलं नाही, त्यानं कानावर पडलं तसं लिहिलं आहे: आधी एक ऐकू आला, मागून साठ. मराठीत ‘एकसष्ट’ म्हटलं तरी हेच होतं. त्याला दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या आणि एक सुटी काडी हातानं मांडू द्यावी लागते, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आकड्यांनी. वाचनाचंही तसंच. पान घडाघडा म्हणणारं मूल वाचतंय की पाठ म्हणतंय, हे ओळखायला चित्र हातानं झाकून ओळ शेवटून विचारावी लागते. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि मागून उच्चारली जाते. तिथे कोण अडलं आणि कोण नुसतं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओठ हलवतंय, हे कळायला वर्षं जातात. हे ज्ञान कुठल्याही पदवीबरोबर आयतं येत नाही.

आता हिवाळा. भिलाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलाद कारखाना आणि सेक्टरांची आखीव वसाहत येते. भिलाई-३ ची वस्ती निराळी. चरोद्याचं रेल्वे यार्ड, मुंबई-हावडा मार्गावरची गाड्यांची ये-जा, रायपूर-दुर्ग रस्ता, आणि देवबलोद्याच्या बाजूला वळलं की धानाची शेतं. आमच्या वर्गात रेल्वेतल्या कामगारांची, ठेक्यावर राबणाऱ्यांची, शेतमजुरांची मुलं असतात. घरी कुणी छत्तीसगढी बोलतं, कुणी तेलुगू, ओडिया, कुणी आमच्यासारखी मराठी. जूनपासून दिवाळीपर्यंत ही मुलं शाळेत बसायला, हिंदी ऐकायला आणि अक्षरं ओळखायला शिकतात. अक्षराला अक्षर जोडून शब्द वाचणं सुरू होतं ते साधारण थंडी पडते तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच धान कापून होतं, मिसाईसाठी, म्हणजे मळणीसाठी, कुटुंबं गावी जातात, मूल पंधरवडाभर दिसत नाही. परत येतं तेव्हा अर्धी अक्षरं पुसलेली असतात.

याला पालकांची बेपर्वाई म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सुगीला सगळं घर शेतावर असताना सहा वर्षांच्या पोराला कुणाजवळ ठेवायचं? त्या मुलानं गावाकडून काय आणलं, हे शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे. ज्या घरातली आजी अजून ‘कोरी’नं, म्हणजे विसाविसानं मोजते आणि जिथे धान मोजताना वीस ‘काठा’ मापांची एक खांडी होते, तिथलं मूल गठ्ठ्यानं मोजणं पाहून आलेलं असतं. पौष पुनवेला छेरछेरा मागायला पोरं दारोदार जातात, झोळीत धान घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी कुणाला किती मिळालं यावर मापं, बेरीज, कमी-जास्त असं सगळं गणित उभं राहतं. हे ओळखणारा माणूस वर्गात असला तर सुगीतला पंधरवडा वाया जात नाही.

सकाळच्या पाळीतला गारठा ही दुसरी गोष्ट. बोटं आखडलेली असतात, पेन्सिल नीट धरता येत नाही आणि अक्षर बिघडतं. म्हणून मी आधी वर्ग अंगणात उन्हात नेते, काड्या, बोरांच्या बिया, चिंचोके यांवर बोटं चालू देते, लिहिणं नंतर. हे पाहून ‘मुलं ऊन खात बसवलीत’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांनी कोसबाडची आठवण ठेवावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. आकाशाखाली बसलेला वर्ग म्हणून ती शाळा कमी प्रतीची ठरली नाही.

याच ताराबाई आधी राजकोटला अध्यापिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. तिथून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, बालशिक्षणाकडे वळल्या. गिजुभाई वकिली सोडून आलेले. जाणत्या माणसानं सर्वांत लहान मुलांकडे जावं, ही वाट आपल्याकडे शंभर वर्षांमागेच पडली आहे. त्याही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकऱ्यांत मिसळणारा असावा आणि त्याला पुरेसा पगार असावा असं मागितलं होतं. ‘कुणीही चालतं’ हा विचार त्या मागणीच्या थेट विरुद्ध आहे.

जुना म्हणजे जाणता, असं मात्र मी म्हणत नाही. ज्यानं मुलाच्या वहीत डोकावणं सोडलं, त्याची ज्येष्ठता पहिलीला निरुपयोगी आहे, आणि मोबाइलवर गोष्ट ऐकवणारी, मुलांबरोबर जमिनीवर बसणारी नवी शिक्षिका त्याच्यापेक्षा केव्हाही बरी. माझी मागणी एवढीच: शाळेत जो सर्वांत नजरेचा असेल त्याला पहिली द्या, तीच मुलं घेऊन दुसरीत जाऊ द्या, नव्या शिक्षकाला त्याच्या शेजारी बसवा. दोनच शिक्षक असतील तर पहिली-दुसरी कुणाकडे, हा निर्णय आधी करा, बाकी वर्ग नंतर वाटा. आणि नोव्हेंबर ते जानेवारी त्या शिक्षकाला वर्गातून उठवू नका. कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांसाठी शिक्षक घेऊ देतं. तो कुठल्या वर्गाचा घ्यायचा, एवढा विचार तर करता येतो. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता आलं पाहिजे, हे निपुण भारत अभियानानं २०२१ पासून २०२६-२७ साठी ठरवलेलं लक्ष्य आहे. ते पहिलीचा वर्ग रिकामा ठेवून गाठता येणार नाही.

राहिला पाचवीचा निकाल. पाचवीत शाब्दिक उदाहरण न सुटणाऱ्या मुलाला मी अनेकदा तेच उदाहरण तोंडी सांगून पाहिलं आहे. तो पटकन उत्तर देतो. भागाकार त्याला येतो. उदाहरणाच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर पहिलीचं पुस्तक उघडायची लाज वाटते, म्हणून तो ते लपवतो. त्याच्या पाचवीच्या शिक्षकाला जाब विचारण्याआधी शाळेचं जुनं हजेरीपत्रक काढावं आणि हा मुलगा पहिलीत असताना डिसेंबर-जानेवारीत त्या वर्गावर कोण होतं, किती दिवस होतं, ते पाहावं.